मोटाउनचा बास हवा असेल तर: अ‍ॅक्मे ऑडिओचा मोटाउन डीआय

मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या डेट्रॉइटमधल्या स्टुडिओ एमध्ये बास आणि गिटारी अँपसमोर माइक न लावता थेट कन्सोलमध्ये घेतल्या जात. त्यासाठी मध्ये जो बॉक्स लागतो तो डीआय. जागा लहान, वादक भरपूर. अँप लावले असते तर बास ड्रमच्या माइकमध्ये शिरला असता. तिथले इंजिनिअर एड वुल्फ्रम यांच्या वुल्फबॉक्स नावाच्या डीआयवर अ‍ॅक्मेचा हा डब्ल्यूबी-३ बेतला आहे.

बॉक्स पॅसिव्ह आहे, म्हणजे त्याला कन्सोलकडून केबलमधून येणारी वीज (फँटम पॉवर) लागत नाही. सगळी करामत ट्रान्सफॉर्मरची. आउटपुट माइकइतकंच क्षीण असल्याने ते मोठं करणारा प्रीअँप चांगला हवा. गेन चढवल्यावर ज्याची सुरसुर ऐकू येते, असा प्रीअँप इथे चालत नाही. बासपासून बॉक्सपर्यंतची केबल तीनेक मीटरच ठेवा, नाहीतर पॅसिव्ह पिकअपची वरची धार केबलमध्येच जिरते. बॉक्सच्या पुढे ती कितीही लांब चालेल.

आवाज अप्रतिम! नोटची टोचणारी सुरुवात गोलसर होते आणि मधला भाग भरतो. ट्रान्सफॉर्मर खालच्या सुरांवर आधी सॅच्युरेट होतो (त्याची क्षमता संपून आवाज किंचित विकृत होतो), त्यामुळे मोकळ्या ई तारेवर, म्हणजे ४१ हर्ट्झच्या आसपास, वरचे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले सूर) वाढतात. लहान स्पीकरवरही बास ऐकू येतो तो यामुळेच. अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या बासचा व्हॉल्यूम मात्र थोडा उतरवा. पूर्ण सोडला तर भरीवपणाचा चिखल होतो.

पण नुसत्या बॉक्समधून मोटाउनचा बासवादक जेम्स जेमर्सन निघत नाही. प्रिसिजन बास, ला बेलाच्या जाड फ्लॅटवूंड (गुळगुळीत) तारा, ब्रिजच्या झाकणाखाली फोम आणि उजव्या हाताची फक्त तर्जनी, हे सगळं आधी येतं. नव्या राउंडवूंड (खरखरीत) तारांवर हा बॉक्स निम्मंही काम करत नाही. पैसे मोजकेच असतील तर आधी तारा आणि फोम घ्या. स्लॅपसाठी, म्हणजे अंगठ्याने तारा ठोकून वाजवण्यासाठी, दुसरा डीआय बघा.

मिक्समध्ये मोठा आवाज दाबणारा कॉम्प्रेसर ४:१, अटॅक (दाब लागू व्हायला लागणारा वेळ) ३० मिलिसेकंदांच्या आसपास, गेन रिडक्शन (एकूण दाब) ३-४ डेसिबल. अटॅक याहून जलद ठेवला तर बोटाचा ठोकाच जातो. सोबत अँपचा माइकही घेणार असाल तर अंतर मोजा. माइक स्पीकरपासून ३४ सेंटिमीटरवर असेल तर तो सुमारे १ मिलिसेकंद मागे पडतो, आणि दोन्ही ट्रॅक सारख्या पातळीवर मिसळले की ५०० हर्ट्झला खड्डा पडतो. नुसती पोलॅरिटी (सिग्नलची अधिक-उणे बाजू) उलटवली तर खड्डा फक्त १००० हर्ट्झकडे सरकतो आणि तळच पातळ होतो. माइकचा ट्रॅक तेवढा पुढे सरकवावा लागतो.