नर्सरीतली ‘पेट-फ्रेंडली’ झाडं: पाटी वाचा, पण पान आधी बघा

ऑनलाइन दुकानांत आणि मोठ्या नर्सऱ्यांत ‘पेट-फ्रेंडली’ म्हणून चार-पाच कुंड्यांचे संच मिळतात. त्यांत ठरलेली मंडळी असतात: अरेका पाम, स्पायडर प्लांट, बोस्टन फर्न, कॅलाथिया, पेपेरोमिया. ही पाचही कुत्र्या-मांजरांना बिनविषारी आहेत. अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राणिकल्याण संस्थेच्या यादीतही त्यांची नोंद तशीच आहे. तेव्हा झाडांपुरता विचार केला तर संच डोळे झाकून घ्या. घोळ होतो तो सुटी झाडं उचलताना, कारण झाड विकलं जातं बाजारातल्या नावाने आणि विष असतं त्याच्या जातकुळीत.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे सागो पाम. हे सायकस, म्हणजे पाम नव्हेच. पान, खोड, मूळ सगळंच विषारी, बिया सर्वांत जास्त, आणि घाव थेट यकृतावर. ओळखायला सोपं आहे: सायकसचं पान ताठ, टोकं सुईसारखी टोचतात, खोड अननसासारखं बुटकं. अरेकाचं पान लवतं, देठ पिवळसर असतो आणि एका कुंडीत पाच-दहा काठ्या दाटीने उभ्या असतात. फर्नचंही तसंच. बोस्टन फर्न चालतं. अ‍ॅस्परॅगस फर्न हे शतावरीच्या जातीचं, त्याची लाल फळं खाल्ली तर उलट्या-जुलाब ठरलेले. लकी बांबू बांबू नाही, ड्रॅसिना आहे. तोही नको, आणि त्याच वंशातला स्नेक प्लांटही नको.

जेडची गंमत वेगळी. आपल्याकडे या एका नावाखाली दोन झाडं मिळतात. नखाएवढी पातळसर गोल पानं आणि कोवळी फांदी लालसर असेल तर ते पोर्तुलाकारिया. आफ्रिकेत हत्ती आणि शेळ्या ते चरतात, घरात बिनधास्त ठेवा. पान अंगठ्याएवढं, जाड, मांसल असेल तर ते खरं जेड, क्रासुला. ते नको. छोटी हॉवर्थिया आणि छोटी कोरफड यांतही अशीच गल्लत होते. हॉवर्थिया सुरक्षित. पान तोडल्यावर पिवळा कडू चीक आला, तर हातात कोरफड आहे.

मनी प्लांट, सिंगोनियम, मॉन्स्टेरा, डायफेनबेकिया, अ‍ॅग्लोनिमा, झीझी, पीस लिली ही सगळी अळूची भावंडं. अळू कच्चं राहिलं तर घसा का खाजतो हे मराठी माणसाला सांगायला नको. तेच कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक इथेही आहेत. प्राणी पान चावतो, लाळ गळायला लागते, पंजाने तोंड ओरबाडतो. सहसा जीवावर बेतत नाही, पण चिंच घालून शिजवायची सोय त्याला नाही. मनी प्लांट टाकवत नसेल तर छताच्या हुकाला टांगा आणि वेल दर महिन्याला छाटा. मांजर असेल तर फडताळावर ठेवणं हा उपाय नव्हे, ते तिला आमंत्रण आहे.

आता संचातल्या पाचांबद्दल. अरेका सगळ्यांत उपयोगी: १०-१२ इंचांची कुंडी, खिडकीजवळचा उजेड, आणि कुत्र्याने चार पानं फाडली तरी झाड हलत नाही. एसीच्या कोरड्या हवेत मात्र पानांखाली लाल कोळी ही कीड होते, म्हणून आठवड्यातून एकदा पानं ओल्या फडक्याने पुसा. स्पायडर प्लांट हे फोडशीच्या भाजीच्याच वंशातलं. मांजरांना त्याची लोंबती पानं फार आवडतात. जास्त खाल्ली तर एखादी उलटी होईल, पुढे काही नाही. बोस्टन फर्न मुंबई-कोकणात फोफावतं, पण नागपूरच्या मे महिन्यात कूलरच्या खोलीबाहेर ठेवलंत तर आठवड्यात झाडू होतो. पेपेरोमिया जाड पानांचं, पाणी साठवणारं. वरची दोन इंच माती सुकल्याशिवाय पाणी नको, पावसाळ्यात तर पंधरा दिवसांनीसुद्धा चालतं. कॅलाथियाला आमची शिफारस नाही. दिसायला देखणं, किमतीला जास्त आणि नखरे फार: बोअरच्या जड पाण्याने पानांच्या कडा करपतात. पावसाचं किंवा आरओचं पाणी घाला. आरओतून वाया जाणारं घालू नका, त्यात क्षार आणखी जास्त.

झाड बिनविषारी असलं तरी कुंडी तशी असेलच असं नाही, आणि विक्रेते याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. खत म्हणून घातलेल्या एरंडीच्या पेंडीत रायसिन हे विष असू शकतं, खतातल्या हाडांच्या चुऱ्याच्या वासाने कुत्रा माती उकरतो. दोन्ही एकत्र म्हणजे सापळाच. घेताना ‘खत कोणतं घातलंय, दाणेदार कीटकनाशक टाकलंय का’ हे विचारा. ठाम उत्तर मिळालं नाही तर घरी आणून मूळ धुऊन माती बदला: दोन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत, एक भाग परलाइट किंवा जाड वाळू. वर लिंबापेक्षा मोठे गोटे पसरा, म्हणजे मांजर कुंडीला शौचालय समजणार नाही आणि कुत्र्याला ते गिळता येणार नाहीत.

मांजरीला चघळायला काहीतरी लागतंच. मूठभर गहू आठ तास भिजवून पसरट कुंडीत पेरा. आठ-दहा दिवसांत चार इंच कोंब येतात. गवती चहा आणि पानओवा मात्र तिच्यापासून लांब ठेवा, दोन्हींनी पोट बिघडतं.

विषारी पान खाल्लंच तर तोंडातले तुकडे काढा, तोंड पाण्याने पुसा, झाडाचा फोटो घेऊन पशुवैद्य गाठा. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. मीठच अंगावर येतं.

पीस लिलीने तोंड भाजतं, पण खऱ्या लिलीने, म्हणजे गुच्छातल्या लिलियमने, मांजरीचं मूत्रपिंड निकामी होतं. पान, पाकळी, फुलदाणीतलं पाणी, इतकंच काय अंगावर सांडून चाटलेले परागकणसुद्धा पुरतात. लक्षणांची वाट न बघता त्याच तासाला दवाखाना. आणि ही लिली घरात कुंडीतून कमी, गुच्छातून जास्त येते. मांजर असलेल्या घरी वाढदिवसाला जायचं असेल तर फुलवाल्याला गुलाब आणि जरबेराच बांधायला सांगा.