आईच्या गोळ्यांचा डबा एकदा उलटा करून बघा

घरात बीपी-शुगरचं कोणी असेल तर हे वाचाच, आमच्यासारखं चार वर्षं झोपेत राहू नका.

आई ६८ वर्षांची, बीपी आणि शुगर दोन्ही, गावातल्याच एका दवाखान्यात दाखवत होतो. डॉक्टर बोलायला गोड, हाताला गुण आहे असं सगळे म्हणतात, आणि दवाखान्याला लागूनच त्यांच्या घरच्यांचं मेडिकल. महिन्याला सव्वातीन हजाराची औषधं, तपासणी फी वेगळी. तीच चिठ्ठी दुसऱ्या मेडिकलवाल्याला दाखवली की तो म्हणायचा हे नाव आपल्याकडे येतच नाही, तिथंच मिळेल, आणि आम्हाला वाटायचं औषध भारीतलं असणार.

दिवाळीच्या आधी आई सकाळी मोरीत चक्कर येऊन पडली. हाड मोडलं नाही हे नशीब. तालुक्याला नेलं, बीपी ९०/५८, म्हणजे खूपच कमी. तिथल्या मॅडम म्हणाल्या चिठ्ठी नको, घरातल्या सगळ्या गोळ्या आणा. आईचा श्रीखंडाचा रिकामा डबा असतो त्यात गोळ्या, तो नेला, मॅडमनी टेबलावर ओतला आणि एकेक पट्टी उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचत बसल्या. दोन पट्ट्या बाजूला काढल्या, एक निळी एक चंदेरी, नाव वेगळं, कंपनी वेगळी, पण मागे दोन्हीवर टेल्मिसार्टन ४० एमजी, म्हणजे बीपीचं एकच औषध! दर दोन-तीन महिन्यांनी डॉक्टर नवीन चांगली गोळी आलीय म्हणून नाव बदलायचे, जुनी बंद करा हे कोणीच सांगायचं नाही, आणि आई बिचारी वाया कशाला घालवायची म्हणून उरलेली पण घ्यायची. म्हणजे डबल डोस चालू होता आणि आम्ही म्हणत होतो वय झालंय, अशक्तपणा आहे.

अजून तीन पट्ट्या तर औषधच नव्हत्या. मागे एफएसएसएआयचा (खाद्यपदार्थांना परवाना देणारं सरकारी खातं) नंबर, म्हणजे फूड सप्लिमेंट, आणि एक पट्टी २९० रुपये. सरकार बऱ्याच औषधांना किमतीची मर्यादा घालतं पण सप्लिमेंटला ती लागूच होत नाही.

ओळखीतल्या एका एमआरने (औषध कंपनीचा प्रतिनिधी) सांगितलं की अशा एकाच मेडिकलमध्ये मिळणाऱ्या औषधांना धंद्यात प्रोपगंडा माल म्हणतात, छापील किंमत भरमसाठ, डॉक्टरला पडतो स्वस्त, आणि त्या भागात दुसऱ्या कोणाला देत नाहीत म्हणून बाहेर मिळत नाही. सगळेच डॉक्टर असे नसतात, त्या मॅडमनीच तर आईला वाचवलं. त्यांनी औषधाचं मूळ नाव मोठ्या अक्षरात लिहून दिलं, आता जनऔषधीतून, म्हणजे सरकारी योजनेच्या जेनेरिक (मूळ नावाने मिळणाऱ्या) औषधांच्या दुकानातून घेतो, महिन्याला साडेचारशेच्या आत भागतं आणि शुगर-बीपी दोन्ही कंट्रोलमध्ये आहे. फक्त मनाने गोळी बंद करू नका, आम्ही विचारूनच बदललं. आणि औषध कुठून घ्यायचं ते पेशंटने ठरवायचं, तो आपला हक्क आहे, कोणी इथूनच घ्या म्हणू शकत नाही.

त्या डॉक्टरांना विचारायला गेलो तर म्हणाले, "जेनेरिकने गुण येत नाही, तुम्हाला काय कळतं त्यातलं?" मग एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासन) तक्रार करायचं ठरवलं. तिथं पहिलाच प्रश्न, बिलं आहेत का? चार वर्षांत एक पक्कं बिल नाही हो आमच्याकडे, कागदाच्या चिटोऱ्यावर पेनाने लिहिलेले नुसते आकडे, ते पण आईने जपून ठेवले म्हणून.