यादवीतला घोडदळाचा एकच सिनेमा बघायचा असेल तर, 'हॉर्स सोल्जर्स' की 'मेजर डंडी'?

जुन्या हॉलिवूडचे घोडदळाचे सिनेमे ढीगभर आहेत, पण त्यातले बरेचसे अमेरिकेतली यादवी, म्हणजे उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या राज्यांमधलं युद्ध, संपल्यानंतरचे, म्हणजे पश्चिमेकडचा एखादा किल्ला, निळ्या डगल्यातली सरकारी पलटण आणि समोर अपाची किंवा शायेन या तिथल्या आदिवासी जमाती. खुद्द यादवी चालू असताना, १८६१ ते १८६५ मधे घडणारे आणि ज्यात घोडदळ हाच विषय आहे असे शोधायला गेलात तर मोजकेच निघतात. त्यातले माझ्या मते सगळ्यात वरचे दोन, जॉन फोर्डचा 'द हॉर्स सोल्जर्स' (१९५९) आणि सॅम पेकिनपाचा 'मेजर डंडी' (१९६५). एकच संध्याकाळ मोकळी आहे, कुठला लावू, असं कोणी विचारलं आणि एका शब्दात उत्तर देऊन टाकलं की मला नंतर चुटपुट लागते, म्हणून एकदा नीट लिहून काढतोय.

माझं उत्तर 'हॉर्स सोल्जर्स'. आता त्याची कारणं, आणि 'डंडी' कोणी आधी बघावा तेही.

सुरुवातीलाच एक सांगतो, दोन्ही सिनेमे अपुरे आहेत. एकाचा शेवट दिग्दर्शकाचं मन उडालं म्हणून अर्धवट राहिला, दुसऱ्याला स्टुडिओने कात्री लावली. त्यामुळे कुठला अपुरेपणा आपल्याला झेपेल हे बघून निवड केलेली बरी.

'हॉर्स सोल्जर्स'ची गोष्ट खऱ्या मोहिमेवर उभी आहे, मधे हॅरल्ड सिंक्लेअरची कादंबरी आहे पण मूळ घटना ग्रीअर्सनच्या धाडीची. १८६३ च्या एप्रिलमधे उत्तरेचा सेनापती ग्रँट याला दक्षिणेचं व्हिक्सबर्ग शहर घ्यायचं होतं आणि त्यासाठी मिसिसिपी नदी ओलांडायची होती, दक्षिणेच्या सैन्याचं लक्ष भलतीकडे जावं म्हणून उत्तरेच्या घोडदळाचा बेंजामिन ग्रीअर्सन १७ एप्रिलला टेनेसीतल्या ला ग्रेंजहून १,७०० स्वार घेऊन निघाला आणि शत्रूच्या मुलखातून थेट खाली उतरत २ मेला लुइझियानातल्या बॅटन रूजला पोचला. १६ दिवस, सुमारे ६०० मैल. वाटेत न्यूटन स्टेशनला रेल्वे उद्ध्वस्त केली, तारा तोडल्या, मधेच एक अख्खी रेजिमेंट उलट दिशेला पाठवून पाठलाग करणाऱ्यांना चकवलं, काही माणसं दक्षिणेच्या कपड्यात पुढे पाठवून वाटेची खबर काढली. आपल्याकडे गनिमी कावा वाचत मोठं झालेल्या माणसाला हे सगळं लगेच कळतं, समजावून सांगावं लागत नाही. आणि हा ग्रीअर्सन युद्धाआधी संगीत शिकवायचा, लहानपणी घोड्याची लाथ डोक्यात बसलेली त्यामुळे घोडे त्याला मुळीच आवडायचे नाहीत! पूर्ण मोहिमेत त्याची फक्त ३ माणसं मारली गेली.

सिनेमात हा संगीत मास्तर नाहीये. जॉन वेनचा कर्नल मार्लो रेल्वे बांधणारा इंजिनिअर आहे, म्हणजे ज्याने आयुष्यभर रूळ टाकले त्याच माणसाला रूळ उखडायला पाठवलंय. हा बदल मला फार आवडतो. त्याच्यासोबत विल्यम होल्डनचा मेजर केंडल, पलटणीचा डॉक्टर, आणि मार्लोला डॉक्टर या जातीचाच राग कारण त्याची बायको नको असलेल्या ऑपरेशनमधे गेलीये. वाटेत एका मोठ्या वाड्यावर मुक्काम होतो, तिथली मालकीण हॅना हंटर त्यांचा बेत चोरून ऐकते, मग तिला मागे सोडता येत नाही, बरोबर घेऊन फिरावं लागतं. शत्रू मागे आहेच, पण खरी धुसफूस शेजारच्या घोड्यावर बसलेल्या माणसाशी.

नेमकं हेच 'मेजर डंडी'मधे पण आहे आणि म्हणून ही दोघांची तुलना करावीशी वाटते. चार्ल्टन हेस्टनचा डंडी हा उत्तरेचा मेजर, गेटिसबर्गच्या लढाईत स्वतःच्या मनाने वागला म्हणून न्यू मेक्सिकोत कैद्यांच्या छावणीवर जेलर करून टाकलेला. अपाचींची एक टोळी जवळच्या रँचवर कत्तल करते, मुलं पळवून नेते, आणि त्यांच्या मागे जायला डंडीकडे माणसं पुरत नाहीत म्हणून तो काय करतो तर कैद्यांमधले दक्षिणेचे शिपाई घेतो, स्वतःचे काळे शिपाई घेतो, चोर, दारुडे, एक पाद्री, एका हाताचा वाटाड्या, जे मिळेल ते. दक्षिणेच्या कैद्यांचा म्होरक्या कॅप्टन टायरीन, म्हणजे रिचर्ड हॅरिस, हा डंडीचा एकेकाळचा मित्र, आणि त्याला सैन्यातून काढून टाकताना निर्णायक मत डंडीनेच दिलेलं. टायरीन शब्द देतो की अपाची हाती लागेपर्यंत तुझ्या हुकमात राहीन, त्यानंतर तुझा हिशोब करीन. किल्ल्यातून ही पलटण बाहेर पडते तेव्हा प्रत्येक गट आपापलं गाणं मोठ्याने म्हणत एकमेकांवर कुरघोडी करायला बघतो, तो एक मिनिटाचा सीन बघितला की अमेरिकेत तेव्हा काय चाललं होतं ते कळतं. सुरुवात म्हणून 'डंडी' 'हॉर्स सोल्जर्स'पेक्षा कितीतरी दमदार आहे, हे मान्य करावंच लागेल.

पण मग तो भरकटतो. मेक्सिकोत शिरल्यावर तिथे मॅक्सिमिलियन नावाच्या परक्या राजाला मेक्सिकोच्या गादीवर बसवणारे फ्रेंच आहेत, म्हणजे आता अपाची एकीकडे, फ्रेंच दुसरीकडे, आपापसातली भांडणं तिसरीकडे, आणि मधेच डंडी पायात बाण लागून दुरांगोला जाऊन पडतो, तिथे दारू आणि बाई, सिनेमा जो बसतो तो लवकर उठतच नाही. पटकथा पुरी झालेली नसतानाच शूटिंग सुरू झालं होतं ते इथे दिसतं. हेस्टनने नंतर लिहून ठेवलंय की स्टुडिओला काउबॉय आणि इंडियन्सचा सिनेमा हवा होता, त्याला स्वतःला यादवीवरचा हवा होता आणि पेकिनपाच्या डोक्यात तिसराच सिनेमा होता. स्टुडिओ पेकिनपाला काढायला निघाला तेव्हा हेस्टनने त्याच्यासाठी आपलं मानधन परत केलं, कोलंबिया स्टुडिओने ते ठेवूनही घेतलं, आणि शेवटी सिनेमा पेकिनपाच्या हातातून काढून कापलाच. नटाने दिग्दर्शकासाठी असं करणं क्वचित घडतं, आणि सिनेमा बघताना मला ते सारखं आठवत राहतं.

फोर्डच्या बाबतीत झालं ते वेगळं आणि जास्त दुःखाचं. शूटिंग संपत आलेलं असताना फ्रेड केनेडी नावाचा जुना स्टंटमन घोड्यावरून पडण्याचा एक साधा शॉट देताना मान मोडून गेला. फोर्डची आणि त्याची बरीच वर्षांची ओळख. त्यानंतर फोर्डचं लक्षच उडालं, त्याने लोकेशनवरचं काम आवरतं घेतलं, पलटण बॅटन रूजमधे वाजतगाजत शिरते असा जो शेवट ठरला होता तो घेतलाच नाही. त्यामुळे सिनेमा एका पुलापाशी जवळजवळ मधेच थांबल्यासारखा थांबतो. पहिल्यांदा बघताना मला वाटलं रीळ संपलं की काय. नंतर कारण कळलं, आणि आता तो विजयाचा सोहळा नाही याचं बरंच वाटतं, कारण आधीचे दोन तास सिनेमा जे दाखवत आलाय त्याच्याशी सोहळा जुळलाच नसता.

काय दाखवत आलाय? तर न्यूटन स्टेशनचा प्रसंग घ्या. खऱ्या मोहिमेत तिथे फारशी लढाई झालीच नाही, सिनेमात मात्र आगगाडीतून दक्षिणेचे सैनिक उतरतात आणि गावच्या रस्त्यातून सरळ धावत येतात, समोर मार्लोची माणसं आडोसा करून बंदुका रोखून बसलेली. एक हात गमावलेला त्यांचा कर्नल झेंडा उचलून पुढे, मागचे पटापट पडतायत. जिंकणारा मार्लो हे बघून खूश होत नाही, चिडतो, त्याला ही लढाई नकोच होती, नंतर तो बारमधे बसून पितो आणि बायकोच्या मरणाची सगळी मळमळ तिथे बाहेर पडते. वेनचे युद्धपट म्हणजे छाती पुढे काढून लढणं असं ज्यांना वाटतं त्यांनी एवढा भाग तरी बघाच.

आणि दुसरा तो शाळेचा. लष्करी शाळेतली पोरं, काही तर अगदी दहा-बारा वर्षांची वाटतात, ढोल वाजवत रांगेत चालून येतात आणि आपले म्हातारे मुख्याध्यापक पुढे. समोर शेकडो अनुभवी स्वार. मार्लो काय करतो तर माघारीचा हुकूम देतो आणि सगळी पलटण पोरांपुढे पळ काढते! थिएटरमधे हसावं असाच सीन आहे, पण त्याची मूळ गोष्ट हसण्यासारखी नाही, १८६४ च्या १५ मेला व्हर्जिनियात न्यू मार्केटच्या लढाईत तिथल्या लष्करी शाळेचे २५७ कॅडेट खरोखर उतरवले होते आणि त्यातले १० गेले. हे माहीत असून फोर्डने कर्नलला पळवलं आणि पोरांना जिवंत ठेवलं. मला या सिनेमातलं सगळ्यात जास्त काय आवडतं विचाराल तर हा पळ.

इतिहासाच्या चुका म्हणाल तर आहेत, १८६३ च्या गोष्टीत अँडरसनव्हिलच्या, म्हणजे दक्षिणेने उत्तरेचे युद्धकैदी ठेवलेल्या तुरुंगाचं नाव येतं आणि तो तुरुंग सुरू झाला १८६४ च्या फेब्रुवारीत. मला त्याने फरक पडत नाही.

काळ्या माणसांचं काय, हे दोन्हीकडे तपासायला हवं कारण युद्धच त्यांच्या गुलामीवरून होतं. इथे 'डंडी' पुढे आहे. त्यात ब्रॉक पीटर्सचा ईसॉप स्वतःहून पुढे येऊन सांगतो की आम्हाला नुसतं सफाईच्या कामात ठेवू नका, लढायला न्या, आणि त्यानंतर दक्षिणेचा एक शिपाई त्याला बूट काढायला लावायला बघतो त्यावरून पलटण फुटायची वेळ येते. तो प्रसंग आजही अंगावर येतो. 'हॉर्स सोल्जर्स'मधे हॅनाची दासी ल्युकी आहे, छोटी भूमिका, पण ती केलीये अल्थिया गिब्सनने, १९५७ आणि १९५८ ची विम्बल्डन विजेती, ती स्पर्धा जिंकणारी पहिली काळी खेळाडू. तिच्या तोंडी गुलामांची म्हणून जी मोडकी भाषा लिहिली होती ती तिने बोलायला नकार दिला आणि फोर्डने ऐकलं. तरी भूमिका अजून मोठी हवी होती, ल्युकीला स्वतःचं असं काही मिळतच नाही, ही सिनेमाची मोठी कमतरता आहे.

दिसायला दोन्ही सुंदर. विल्यम क्लोथिअरने लुइझियाना-मिसिसिपीतली ओली हिरवी जंगलं, दलदल, नदी टिपलीये, आणि सुरुवातीच्या श्रेयनामावलीत आकाशाच्या कडेवर स्वारांची लांब काळी रांग जाते ती तर फोर्डची सहीच. 'डंडी' मेक्सिकोत घेतलेला, कोरडा, दगडधोंड्यांचा, धुळीचा, आणि शेवटी नदीत फ्रेंच भालेवाल्यांशी जी लढाई होते ती रक्ताने लाल. घरी लहान मुलं सोबत बसणार असतील तर 'डंडी' नको. 'हॉर्स सोल्जर्स'मधे पाय कापण्याचा एक प्रसंग आहे, पण जखम दाखवण्यापेक्षा चेहरे जास्त दाखवलेत. आमच्याकडे बाबांसोबत बघितला तेव्हा त्या सीनला ते उठून आत गेले, हे पण सांगून ठेवतो.

'डंडी' लावणार असाल तर लांबी आधी तपासा. १२३ मिनिटांची जुनी आवृत्ती आहे आणि २००५ ची १३६ मिनिटांची, ज्यात कापलेले काही भाग परत जोडलेत आणि संगीत नवीन केलंय. दुसरीच घ्या. जुन्या आवृत्तीत ते कोरसने गायलेलं मार्चिंग साँग सिनेमाच्या मूडवर पाणी ओततं.

मग 'डंडी' आधी कोणी बघावा? ज्यांना पेकिनपाचा १९६९ चा 'द वाइल्ड बंच' आवडतो त्यांनी, कारण त्याची सगळी बीजं इथे आहेत, आणि ज्यांना वेन अजिबात सहन होत नाही त्यांनी. मधला अर्धा तास सोसायची तयारी हवी एवढंच. बाकी सगळ्यांनी फोर्ड.

होल्डन आवडला तर अजून दोन आहेत. 'एस्केप फ्रॉम फोर्ट ब्रॅव्हो' (१९५३) त्यात तो अ‍ॅरिझोनात दक्षिणेच्या कैद्यांवर कॅप्टन आहे, सुरुवात संथ, पण शेवटी उघड्या खड्ड्यात अडकलेल्या मूठभर माणसांवर आकाशातून बाण कोसळतात तो भाग अफलातून, घाई असेल तर हा, लांबीलाही कमी आहे. आणि 'अल्वारेझ केली' (१९६६), १८६४ मधे दक्षिणेच्या घोडदळाने उत्तरेची गुरं पळवली त्यावरचा, विषय भारी पण सिनेमा ठीकठाक.

दोन्ही बघायचे ठरले तर फोर्ड आधी, मधे एक-दोन दिवस जाऊ द्या, मग 'डंडी', आणि त्यात सार्जंट चिलम झालेल्या बेन जॉन्सनकडे लक्ष ठेवा. १९५० च्या आसपास फोर्डच्या घोडदळाच्या सिनेमांत निळ्या डगल्यात घोडे उधळणारा तोच हा, इथे दक्षिणेच्या कैद्यांमधे. खरा काउबॉय, १९५३ मधे रोडिओतल्या, म्हणजे काउबॉयांच्या स्पर्धांतल्या, दोरखेळात जगज्जेता झालेला, त्याचे संवाद थोडेच आहेत पण तो घोड्यावर नुसता बसला तरी बाकीचे सगळे नट वाटायला लागतात.