काचेचा क्लेव्हेंजर संच: घेण्याआधी नळीवरच्या रेघा मोजा

पानं पाण्यात उकळून वाफेबरोबर निघणारं सुगंधी तेल गोळा करून मोजायचा हा संच: एक लिटरचा फ्लास्क, वाफ थंड करणारा कंडेन्सर आणि तेल मोजायची नळी. १९२८ साली क्लेव्हेंजरने मांडलेली रचना मुळात तीच आहे. काच जाड आहे, सांधे घट्ट बसतात. तक्रार नळीबद्दल आहे. १०० ग्रॅम ताज्या पेपरमिंटमधून तेल निघतं अर्धा मिलिलिटरच्या आतबाहेर, आणि या नळीवर रेघा ०.१ मिलिच्या! कळ्या धरतानाचं तेल आणि फुलोरा सरल्यावरचं तेल यांतला फरक वाचण्यातल्या चुकीतच गडप होतो. ०.०२ मिलिच्या रेघांची नळी वेगळी मिळत असेल तर तीच घ्या.

वापरताना १०० ग्रॅम पानांना ५०० मिलि पाणी पुरतं. फ्लास्क दोनतृतीयांशापेक्षा जास्त भरला की फेस चढतो आणि पानांचा चुरा थेट नळीत येतो. वेळ पहिला थेंब पडल्यापासून धरायची, तीन तास. सांध्यांना ग्रीस लावू नका, ते तेलात उतरतं. लवंगेसारखं पाण्यापेक्षा जड तेल या नळीत तरंगत नाही, त्यामुळे त्यासाठी हा संच नाही.

आकडे नेहमी कोरड्या वजनावर काढा. दोन तोडण्यांच्या १०० ग्रॅम पानांतून प्रत्येकी ०.४ मिलिच तेल आलं, पण एका पानांत पाणी ८० टक्के आणि दुसऱ्यात ७० टक्के असेल, तर उतारा अनुक्रमे २ आणि १.३३ टक्के पडतो. ताज्या वजनावर दोन्ही सारखेच दिसले असते. ओलावा मोजायला पानं वेगळी काढून ठेवा, उकळलेली चालत नाहीत.

तेलात कोणते घटक आहेत ते मात्र हा संच सांगत नाही. कोवळ्या पानातलं मेंथोन पान जून होताना मेंथॉल होत जातं, फुलोऱ्यात मेंथोफ्युरान वाढतं; ते बघायला तेलातले घटक वेगळे करून मोजणारी गॅस क्रोमॅटोग्राफीच हवी.

अँटिऑक्सिडंट चाचणीसाठी संच घेणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते. पेपरमिंटची अँटिऑक्सिडंट ताकद बरीचशी रोझमॅरिनिक आम्लात असते आणि ते वाफेबरोबर येतच नाही. नुसत्या तेलावर डीपीपीएच चाचणी (अँटिऑक्सिडंट जितकं जास्त, तितका हिच्या द्रावणाचा जांभळा रंग फिका) लावून ५१७ नॅनोमीटरला रंग बघाल तर जांभळा जेमतेम फिका पडेल, ऋतू कुठलाही असो. त्यासाठी पानांचा मिथेनॉलमधला अर्क वेगळा करा. थाइमचं उलट आहे: त्याचे अँटिऑक्सिडंट घटक थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल तेलातच असतात, म्हणून थायमॉलप्रधान जातीत तोडणीचा हंगाम तेलाच्या चाचणीतही दिसतो. थाइमसाठी हा संच जरूर घ्या; पेपरमिंटच्या अँटिऑक्सिडंटसाठी नको.