क्लोन करावा की विंडोज नव्याने टाकावे?
जुन्या हार्ड डिस्कवरून एसएसडीवर, म्हणजे जास्त वेगवान अशा नव्या प्रकारच्या डिस्कवर, येताना दोन वाटा असतात: आहे ती डिस्क जशीच्या तशी क्लोन करायची, किंवा कोऱ्या एसएसडीवर विंडोज नव्याने टाकून गेम मागाहून हलवायचे. दारव्ह्याकडच्या आमच्या गावात हा निर्णय वेगावर कमी आणि वीज व डेटा यांवर जास्त ठरतो.

क्लोनमध्ये प्रोग्राम, प्रिंटर, मराठी कीबोर्ड सारे जागेवर राहते. मात्र साचलेला कचराही सोबत येतो. मध्येच वीज गेली तर मूळ डिस्क सहसा शाबूत राहते, पण काम पहिल्यापासून करावे लागते. माझा क्लोन ८० टक्क्यांवर असताना भारनियमनाची वेळ झाली, आणि इन्व्हर्टरवर फक्त पंखा होता.

नव्याने टाकण्यास ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, आणि डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेले असल्यास विंडोज आपोआप सक्रिय होते. ६० जीबीचा गेम रोजच्या दीड जीबी डेटावर उतरवायचा तर ४० दिवस जातील. त्याऐवजी स्टीमचे (गेम विकत घेऊन उतरवण्याच्या प्रोग्रामचे) ‘स्टीमअ‍ॅप्स’ फोल्डर एसएसडीवर नकलून ती जागा स्टीमला दाखवली, की तो आहे त्या फाइली तपासून घेतो. सेव्ह फाइली मात्र बहुधा ‘डॉक्युमेंट्स’ किंवा ‘अ‍ॅपडेटा’मध्ये असतात, त्या वेगळ्या उचलाव्यात.

एसएसडीने गेम लवकर उघडतो, पण सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम (चित्रे) फारशा वाढत नाहीत. गेमच्या संगणकासाठी मी नव्याने टाकणेच निवडेन. सातबारा छापून देणाऱ्या दुकानातल्या संगणकाला क्लोनच बरा.