इंग्लिश व्होकॅबसाठी गार्डियन, लाँगमन आणि अँकी : वापरून पाहिलं, कसं वाटलं

इंग्लिश बऱ्यापैकी येतं, ग्रामर ठीक आहे, बोलताना अडत नाही, पण लिहायला बसलं की तेच ते गुड, बॅड, इम्पॉर्टंट, असं ज्यांचं होतं त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू आहे. मी आधी एका ॲपचं सबस्क्रिप्शन घेतलं होतं, रोज मोजके शब्द यायचे, प्रत्येकाखाली एक वाक्य, पण ते वाक्य शब्दासाठी मुद्दाम बनवलेलं, त्यामुळे शब्द पाठ व्हायचा आणि नेमका कुठे वापरायचा ते कळायचंच नाही. आता जे वापरतेय ते तीन गोष्टींचं कॉम्बिनेशन आहे. वाचायला गार्डियन या ब्रिटिश पेपरची वेबसाइट, अर्थ बघायला लाँगमनची ऑनलाइन डिक्शनरी आणि लक्षात ठेवायला अँकी, म्हणजे कार्डांवरून शब्द विचारणारं ॲप. सगळ्यात जास्त फायदा पेपरचा झाला, म्हणून त्याबद्दलच जास्त लिहिते.

गार्डियन निवडायचं कारण साधं आहे, वेबसाइटवर पेवॉल नाही, म्हणजे पैसे भरल्याशिवाय लेख उघडत नाही असं होत नाही. मदतीचं आवाहन दिसत राहतं पण लेख पूर्ण वाचता येतो. आणि बातमी लिहायची जी पद्धत असते ना, सगळ्यात महत्त्वाचं आधी आणि तपशील नंतर, ती शब्द शिकायला फार सोयीची पडते, कारण कोण, काय, कुठे, कधी हे पहिल्या एकदोन पॅरात कळून जातं आणि मग खाली अनोळखी शब्द आला तरी अंदाज बांधायला हातात काहीतरी असतं. मी तर बऱ्याचदा तीच बातमी आधी मराठीत वाचते आणि मग इंग्लिशमध्ये उघडते. काय झालंय ते माहीत असतं, त्यामुळे सगळं लक्ष भाषेवर राहतं.

पण खरी गंमत एकच विषय धरून वाचण्यात आहे. स्टीफन क्रॅशन नावाचे भाषातज्ज्ञ 1981 पासून हेच सांगत आलेत, त्याला ते नॅरो रीडिंग म्हणतात. आज क्रिकेट, उद्या सिनेमा, परवा शेअर बाजार असं वाचलं तर नवा शब्द एकदा दिसतो आणि गायब होतो. एखादी चालू केस किंवा एखादी निवडणूक पकडून तिच्यामागे लागलं की तेच शब्द परत परत समोर येतात. कोर्टाच्या बातम्या घ्या. खालच्या कोर्टाचा निकाल कायम ठेवला की अपहोल्ड, फिरवला की ओव्हरटर्न, शिक्षा किंवा आदेश रद्द केला की क्वॅश, अख्खा कायदाच घटनाबाह्य ठरवून रद्द केला की स्ट्राइक डाउन, याचिका फेटाळली की डिसमिस. हे लिस्टमध्ये वाचले असते तर पाचही सारखेच वाटले असते. पण एकाच केसचा प्रवास आठवड्यामागून आठवडे वाचला की कुठला शब्द कुठे बसतो ते आपोआप डोक्यात बसतं.

दुसरी एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त आवडली. कोण काय म्हणालं ते सांगताना वार्ताहर कुठलं क्रियापद वापरतो ते बघा. सेड लिहिलं तर पेपर फक्त सांगतोय, क्लेम्ड लिहिलं तर त्या म्हणण्याची हमी पेपर घेत नाहीये, कन्सीडेड म्हणजे नाइलाजाने कबूल केलं, इन्सिस्टेड म्हणजे समोरचे मानत नसतानाही आपल्या म्हणण्यावर ठाम राहिला. अलेज्ड तर कायद्यापोटी लागतंच, आरोप सिद्ध व्हायच्या आधी सरळ विधान केलं तर बदनामीचा दावा होऊ शकतो. एवढं कळलं की आपल्या लिखाणात लगेच फरक पडतो, माझ्या ऑफिसच्या मेलमध्ये तो पडलाय.

आता अवघड भाग. न्यूझीलंडचे संशोधक पॉल नेशन यांनी 2006 मध्ये दाखवलं होतं की पेपर किंवा कादंबरीतले 98 टक्के शब्द ओळखीचे असायला हवे असतील तर साधारण 8000 ते 9000 शब्दकुटुंबं यावी लागतात (डिसाइड, डिसिजन, डिसायसिव्ह हे सगळं एक कुटुंब). 98 टक्के म्हणजे पन्नास शब्दांत एक अनोळखी, म्हणजे 600 शब्दांच्या लेखात बारा. एवढे झेपतात. पण 95 टक्क्यांवर तोच आकडा तीस होतो आणि वाचायची मजाच जाते. म्हणून पहिल्या शंभर शब्दांत पाच अडले तर मी तो लेख सरळ सोडून देते. हेडलाइनवरून तर लेव्हल अजिबात ठरवू नका, तिथे ए, द उडवलेले असतात, झालेली गोष्ट वर्तमानकाळात लिहिलेली असते आणि प्रोब, रो, बिड असे छोटे शब्द जागा वाचवायला घातलेले असतात. प्रोब म्हणजे चौकशी, बिड म्हणजे प्रयत्न आणि रो म्हणजे तिथे भांडण, रांग नाही.

लाँगमनबद्दल थोडक्यात. अर्थ साधारण 2000 सोप्या शब्दांतच समजावलेला असतो त्यामुळे एका शब्दासाठी आणखी तीन शोधत बसावे लागत नाहीत, आणि कुठल्या शब्दाबरोबर कुठला शब्द जातो तेही दिसतं. उच्चार ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही ऐकता येतात.

अँकी म्हणजे फ्लॅशकार्डचं सॉफ्टवेअर, जे येतं ते उशिरा विचारतं आणि जे अडतं ते लवकर. कॉम्प्युटर आणि अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर पैसे द्यावे लागतात. कार्डावर सुटा शब्द नका टाकू, पेपरातलं आख्खं वाक्य टाका आणि तो शब्द गाळा. एका लेखातून चारपाच कार्डं पुष्कळ झाली. सगळेच अनोळखी शब्द भरत गेलात तर रिव्हिजनचा ढीग साचतो आणि वाचायला वेळच उरत नाही.

कमी काय पडतं म्हणाल तर घरगुती, रोजच्या बोलण्यातलं इंग्लिश यात फारसं मिळत नाही, त्यासाठी सिरीयल, पॉडकास्ट काहीतरी वेगळं लागेलच. वाचून उच्चार कळत नाहीत हीपण अडचण आहे, पण गार्डियनचे काही मोठे लेख ऑडिओ लाँग रीड नावाच्या पॉडकास्टमध्ये वाचून दाखवतात, ते ऐकत ऐकत लेख डोळ्यासमोर ठेवता येतो. अगदी नवशिक्या माणसाला मात्र मी हा सेट सुचवणार नाही, त्याने शिकणाऱ्यांसाठी सोप्या इंग्लिशमध्ये लिहिलेल्या बातम्यांपासून सुरुवात करावी. बाकीच्यांसाठी माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा बोलण्यातल्या इंग्लिशसाठी कापला.