गूळपाण्याचा प्रश्न विचारणारे डॉक्टर

परभणीत आमच्या आईला वर्षभर फिटच्या गोळ्या चालू होत्या. पहाटे ती घामाघूम होऊन नातवालाही ओळखेनाशी व्हायची आणि गूळपाणी पाजले की दहा मिनिटांत चहा मागायची, हे तिथे कोणी मनावर घेतले नाही. छत्रपती संभाजीनगरच्या एका खासगी रुग्णालयातील हार्मोनतज्ज्ञांनी मात्र नेमके तेच आधी विचारले आणि ७२ तासांच्या उपवास चाचणीसाठी तिला दाखल करून घेतले. (एकादश्या करणाऱ्या बाईला त्याचे काय!)

विसाव्या तासाला साखर ४१ वर उतरली, तेव्हा परिचारिकेने ग्लुकोज लावण्याआधी इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः इन्सुलिन बनवते तेव्हा सोबत तयार होणारा घटक) यांच्या तपासणीसाठी रक्त काढून घेतले. ही शिस्त मला सर्वांत मोलाची वाटते, कारण साखर इतकी खाली असतानाही ही दोन्ही थांबलेली नसणे आणि साखर उतरवणाऱ्या गोळ्यांचा अंश रक्तात नसणे, यावरच इन्सुलिनोमाचे, म्हणजे जास्तीचे इन्सुलिन सोडणाऱ्या स्वादुपिंडाच्या गाठीचे, निदान उभे असते. सीटी स्कॅनमध्ये काही दिसले नाही. एंडोस्कोपीतून केलेल्या सोनोग्राफीत स्वादुपिंडावर दीड सेंटिमीटरची गाठ सापडली. अशा बहुतेक गाठी २ सेंटिमीटरहून लहान आणि कर्करोगाच्या नसतात, त्यामुळे तेवढीच सोलून काढता आली.

तक्रारी दोनच. गाठ काढेपर्यंत साखर उतरू नये म्हणून दिलेल्या डायझॉक्साइड या औषधाने पायांवर सूज येते, हे आधी सांगायला हवे होते; आणि रक्ताचे अहवाल बाहेरगावाहून येईपर्यंत आठ दिवस नातेवाइकांना व्हरांड्यातच काढावे लागले.